दिव्यासमोर उभं कोण राहणार

४ नोव्हेंबर

पोचले एकदाची! बस वाटेत बंद पडली होती, तरी मावशी फाटकाशी उभीच. माझ्या हातातली बॅग ओढून घेत म्हणाली, इंजिनीअरबाई, बसगाड्या दुरुस्त करून झाल्या असतील तर आमच्याकडेही बघा जरा. आईची ही धाकटी बहीण या बंगल्याची सगळी व्यवस्था पाहते. मालक परदेशात असतात, महिनाअखेरीस येतील. त्याआधी त्यांना बागेत दिवे हवेत. माझं नाव मावशीनेच सुचवलं. माझं पहिलं स्वतंत्र काम!

आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या परीक्षेला कुणी बसलंही नव्हतं. मी बसले ती मावशीमुळे. आमच्याकडची शाळा सातवीला संपायची, म्हणून पुढे मी तिच्याकडेच, तिच्या जुन्या घरी राहिले. तिची लेक, म्हणजे ताई, आणि मी एका पांघरुणात झोपायचो. ताई गेल्या वर्षी नोकरीला लांबच्या शहरात गेली. फोन फारसा करत नाही म्हणे. मी असते तर रोज केला असता.

खोली बागेकडची मिळाली आहे. उशीला नवा अभ्रा आहे. काम नीट होऊ दे, एवढंच.

६ नोव्हेंबर

दोन दिवस नुसती बाग पाहिली. नकाशा असा ठरवला: वाटेच्या कडेने बुटके दिवे, मोठ्या झाडाच्या बुंध्याशी एक, आणि मागच्या भिंतीसमोर तीन. ही भिंत उंच आणि कोरी आहे. तिच्यावर वेल नाही, डाग नाही, साधी मुंगीसुद्धा दिसली नाही. पुढे शोभेचं गवत लावलं तर त्याच्या सावल्या भिंतीवर छान हलतील. मालकांना फोनवर नकाशा पाठवला, आवडला.

मदतीला इथले वायरमन काका आहेत. सगळे त्यांना फ्यूजकाका म्हणतात, कारण त्यांची बडबड मधेच बंद पडते. आज आम्ही चर खणून वायर पुरली. सांधे मी स्वतः दोनदा तपासले. काका म्हणाले, एवढं तर मी बायकोचा राग गेला का तेही तपासत नाही.

८ नोव्हेंबर

दिव्यांची दिशा दिवस मावळतानाच ठरवावी लागते. एकाने दिव्यापाशी बसून तो फिरवायचा, दुसऱ्याने उजेड जिथे हवा तिथे उभं राहायचं. काकांना घरी जायची घाई होती. मावशी म्हणाली, मी आहे ना. खरं तर ज्याला काम कळतं त्याने दिवा फिरवायचा असतो. पण मावशीचे गुडघे दुखतात, आणि मोठ्या माणसाला ताटकळत उभं करायचं कसं? मीच भिंतीपाशी उभी राहिले.

तिचा हात सराईतासारखा चालला होता. जरा डावीकडे, हनुवटी वर कर, हलू नकोस गं. मी कौतुक केलं तर हसली.

एक गोष्ट लिहून ठेवते. तीन दिव्यांसमोर माणूस उभा राहिला की भिंतीवर तीन सावल्या पडतात. माझ्या मागे चार होत्या. स्वयंपाकघरातला उजेड येत असणार. उद्या बघेन.

९ नोव्हेंबर

स्वयंपाकघरातला दिवा मालवला. वाटेवरचे दिवे बंद केले. खिडकीच्या काचेवर चादर टाकली. पुन्हा उभी राहिले, कारण न तपासता काही बोलणं बरं नाही.

तरीही चारच.

मी हात वर केला. तीन सावल्यांनी केला. चौथीने नाही. चौथीला लांब वेणी होती. माझे केस मानेपर्यंत आहेत.

मावशीला दाखवलं. ती म्हणाली, अभ्यास करून करून तुझे डोळे गेलेत. हे म्हणताना तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. ती भिंतीकडे बघत होती. डोळे भरून.

१० नोव्हेंबर

काकांना विचारलं. म्हणाले, गेल्या वर्षी या भिंतीसमोर दिवे त्यांनीच लावायला घेतले होते. तेव्हा उजेडात उभं राहायला मावशीची मुलगी होती. काम मधेच थांबलं. का, ते कुणी सांगितलं नाही. मग त्यांनीच विचारलं, पोरगी कशी आहे आता? मी सांगितलं, नोकरीला गेली. काका म्हणाले, ती? ती तर कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा एकटी जायची नाही. मग त्यांची बडबड बंद पडली. माझ्या पायांकडे बघत राहिले. हत्यारं गोळा करून भर दुपारी घरी निघाले.

मग मीही पाहिलं. डोक्यावर ऊन होतं. काकांच्या पायांशी सावली होती, बादलीलाही होती. माझी म्हणजे पाण्यात धुतलेल्या शाईसारखी, जेमतेम.

भिंतीसमोरचे तिन्ही दिवे उपटून खोलीत ठेवले. रात्री मावशीने माझ्या ताटात आपल्या वाटणीचं वाढलं.

१२ नोव्हेंबर

काल अंगात ताप होता. मावशीने कपाळावर पट्ट्या ठेवल्या, पाय चेपले. आईची आठवण येऊ दिली नाही. संध्याकाळी डोळा लागला.

जाग आली ती उजेडाने. माझ्या खोलीतले दिवे माझ्याच खिडकीबाहेर रोवलेले होते. तिन्हींची तोंडं माझ्या पलंगाकडे. खिडकीत मावशी वाकलेली, दिवा अगदी हळू फिरवत होती, झोपलेल्या मुलाचं पांघरूण सारखं करावं तसं.

पलंगामागच्या भिंतीवर माझी एकच सावली उरली होती. तिच्याशेजारी ती दुसरी. एका पायावर दुसरा पाय ठेवून उभी. ताई अशीच उभी राहायची.

१३ नोव्हेंबर

विचारलं.

मावशी भांडी पुसत होती. थांबली नाही. म्हणाली, गेल्या वर्षी तिनेच ताईला उभं केलं होतं, काही ठाऊक नसताना. भिंतीने ठेवून घेतली. वर्षभर मावशी रोज भिंतीला हात लावून बसते. कुणीतरी ताईच्या जागी उभं राहिलं की ताई सुटेल.

मी म्हटलं, मावशी, मी?

म्हणाली, तुझ्या आईला आणखी तिघं आहेत. मला एकच. तिला अंधाराची भीती वाटते गं. तू शहाणी आहेस, शिकलेली आहेस, तू राहशील समजून.

मग म्हणाली, पाच वर्षं जेवू घातलंय तुला, कधी हात आखडता घेतला का?

नाही घेतला. खरंच नाही घेतला. म्हणूनच तर—

१४ नोव्हेंबर

पहाटे निघाले. बॅग उचलवत नाही. तशीच फाटकापर्यंत गेले. कडी हाताला लागते, पण हलत नाही — माझं वजन तिच्यावर पडतच नाही. रस्त्यावरून दूधवाला गेला. ओरडले. त्याने मान वळवली नाही.

मावशीने अडवलं नाही. ओट्याशी उभी राहून बघत होती. रडत होती. मला वाटलं होतं, माझ्यासाठी.

१५

पेन जड झालंय. ऊन आहे, पायाशी काही नाही.

मावशीने ताईचे कपडे वाळत घातलेत — लोकरीचा स्वेटरही. थंडी वाजेल तिला, म्हणाली. मला नाही म्हणाली, स्वतःशीच—

आईला फोन — बटण दाबलं जात नाही —

संध्याकाळ

दिवे लागले. खोलीत बसले तरी पाठीला गार चुना लागतोय. उठून बघते, मागे भिंत नाही. तरी लागतोय.

बाहेर कुणीतरी खोकलं. भिंतीपाशी. मावशी धावली — गुडघे दुखतात तिचे, तरी धावली —

दोघी आत येताहेत. ताई थरथरतेय. मावशीने तिला स्वेटर घातला, तिची लांब वेणी सोडून केस मोकळे केले. ताईने माझ्या खोलीकडे बोट दाखवलं, काहीतरी विचारलं. माझं नाव ऐकू आलं. ताई विचारतेय माझ्याबद्दल — ताई, इथे, मी इथे —

मावशी म्हणाली, ती आलीच नव्हती गं. तिला मोठं काम मिळालं, लांबच्या शहरा—