यांच्या स्वेटरचा वास

उज्जैन, कोजागिरीनंतरचा बुधवार

पुस्तक म्हणतं, देवमाशाचे पूर्वज जमिनीवर चालायचे. पाण्यात राहायला गेल्यावर वास घेण्याची बरीच जनुकं गरज उरली नाही म्हणून निकामी झाली. गरज नाही हे ठरवलं कोणी? मला पटत नाही.

आज यांचा स्वेटर हुंगला, तर यांचा वास येईना. पहिला संशय सुनेवर.

"धुतलास का गं?"

"नाही आई, बस गच्चीवर थोडी धूप दाखवली. कसर लागली असती."

खोटं बोलत नसावी. मग माझंच नाक गेलं? हे जाऊन इतकी वर्षं झाली, माझ्याही शरीरानं परस्पर ठरवलं असेल, आता गरज नाही. हिंगाची डबी उघडून पाहिली. झणका थेट डोक्यात गेला. नाक शाबूत आहे.

स्वेटर पुन्हा हुंगला. नुसत्या उन्हाचा वास.

सुनेला म्हटलं, बरं केलंस.