आठ इंचांची गिरकी

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

शोध लागला! आमच्या सौ. स्नेहलताने सकाळी पाटावर माझी पॉइंट टू-टू रायफल, विळी, स्कूटरचा पाना — सगळ्यांची पूजा केली. नळी साफ करायच्या सळईलासुद्धा कुंकू. म्हटलं, चला, नळीतले आटे गोळीला किती गिरकी देतात ते मोजू. सळईला घट्ट चिंधी लावून आत ढकलली की ती आपोआप फिरते. मुठीजवळचा कुंकवाचा टिळा वर ठेवला. तो फिरून परत वर आला की एक गिरकी. तेवढ्यात सळई गेली फक्त आठ इंच! रायफल क्लबात सगळे म्हणतात, टू-टूला एका गिरकीला सोळा इंच लागतात. म्हणोत बापडे. माझी नळी स्पेशल आहे.

२ ऑक्टोबर

मुग्धाला टिळ्याच्या मोजणीसकट सगळं समजावलं. गोळी जितकी लांब, तितकी तिला सरळ जायला गिरकी जास्त लागते. आपली नळी सोळाऐवजी आठ इंचांतच फिरवते, म्हणजे लांब, जड गोळी खुशाल चालेल, वाऱ्याने कमी ढळेल. दसऱ्याचं सोनं वाटायचं सोडून पोरगी अर्धा तास ऐकत बसली! एरवी माझ्याशी दोन वाक्यं बोलली तरी खूप. शेवटी एवढंच, तेही नेहमीसारखं इथल्या हिंदीत — "पापा, पुरानी वाली ठीक हैं न."

बारा तारखेची नेमबाजी संघाची ट्रायल ही तिची ज्युनियरमधली शेवटची संधी. पुढच्या वर्षी वय निघून जाणार. आणि म्हणे पुरानी वाली! छे!

५ ऑक्टोबर

साठ ग्रेन वजनाच्या गोळ्या मिळाल्या. नेहमीची चाळीसची. सदर बाजारातल्या दुकानदाराने विचारलं, "पक्का न, साहब?" त्यालाही व्याख्यान दिलं. मागे गिऱ्हाइकं खोळंबली होती, त्यांनीही ऐकलं.

८ ऑक्टोबर

वाट लागली. टारगेटवर एक भोक गोल नाही — सगळी लांबट. दोन गोळ्या तर कागदालाच लागल्या नाहीत. क्लबचे सेक्रेटरी राजाभाऊ म्हणाले, "सलीलजी, गोळी लोळते आहे, आडवी शिरते आहे." आणि मी विद्वान काय बोललो? "मुग्धा, मनगट ढिलं आहे तुझं!" सगळ्यांसमोर.

तिने रायफल खाली ठेवली. घरी आल्यावर — "मुझसे नहीं होगा. मैं ट्रायल नहीं दे रही."

जेवण गेलं नाही.

९ ऑक्टोबर

सळई पुसायला घेतली. वर टिळा. उलटी केली — खालीही टिळा!

"अगं, हे काय?"

"काय म्हणजे? शस्त्राला दोन्ही बाजूंनी कुंकू लावायचं. तुमच्याच आईंची पद्धत. एवढी वर्षं नवमीला नुसते प्रसादापुरते येता, तुम्हाला कुठून दिसणार!"

म्हणजे वर आला तो दुसराच टिळा. मी अर्धीच गिरकी मोजली. आठ दुणे सोळा! नळी चारचौघींसारखी, स्पेशल फक्त मी. गाढवपणाची ट्रायल असती तर पहिला आलो असतो.

मुग्धाच्या खोलीत गेलो. म्हटलं, "तुझं मनगट ठीक आहे. बापाचं डोकं ढिलं आहे." सळई दाखवली. हसली नाही. पण चाळीसची डबी उचलून बॅगेत टाकली.

१२ ऑक्टोबर

निवड झाली!! सगळी भोकं गोल गोल! मी मागे उभा होतो, अवाक्षर काढलं नाही. राजाभाऊंना वाटलं, माझी तब्येत बरी नाही.

१३ ऑक्टोबर

मुग्धा चहा घेऊन आली. चक्क मराठीत बोलली, तिच्या मराठीत. "बाबा, आईने दोन टिळे लावले, ते मी बघितला होता. नवमीलाच. ट्रायलला मी चुपचाप पुरानी गोली लावणार होते."

"मग बोलली का नाहीस गं?"

"तुम्ही एवढे खुश होऊन समजावत होते. नाहीतर फक्त ओरडता ना."