नंदीची पुढची दोन चाकं

हिंगणी, तालुका सेलू
पोळ्याला आठ दिवस बाकी

आदरणीय इवाईबुवा श्री. नत्थूजी यांस,

हिंगणीहून ताराचंदचा दोन्ही हात जोडून रामराम. शकुबाई इहीणबाईंचा गुडघा आता कसा आहे? मी सांगितलेला एरंडाच्या पानाचा उपाय केला असेल तर गुण कळवा. (केला नसेल तर करू नका. इकडे माझ्या बायकोच्या, शालूच्या गुडघ्यावर केला, आणि दुसऱ्या दिवशी तिनं ते पान तेलासकट माझ्या अंगावर फेकलं. गुडघ्याचं माहीत नाही, पण तिचा हात छान चालतो.) जावईबापू आदेश मजेत असतील. आमच्या आचलला अनेक आशीर्वाद. लग्न झाल्यापासून ती दोनदा आली, दोन्ही वेळा सकाळच्या बसनं येऊन संध्याकाळच्या बसनं परत गेली, पण तुमच्या घराचं बांधकाम सुरू आहे, मजुरांचा चहा तिच्याकडे आहे, हे आम्ही समजतो. ते असो. आमच्याकडे वांगी बरी आहेत, भेंडीवर रोग आहे, आणि माझ्या मानेचं जे झालं ते पुढे येईलच.

खिशात मोबाइल असताना या माणसाला कागद कशाला सुचला, असं तुमच्या मनात आलं असेल. इवाईबुवा, राग मानू नका, पण फोनवर तुम्ही ‘हॅलो’पासून ‘ठेवतो’पर्यंत एकटेच बोलता. परवा मी तोंड उघडलं, तेवढ्यात तुम्ही सिमेंट, सळाखी, मिस्त्री आणि मिस्त्रीची सासू इतका सगळा विषय संपवलात, आणि ‘गुरुवारी गाडी पाठवतो, नंदी चढवून द्या’ म्हणून फोन ठेवून दिलात. कागदाला मध्येच तोडता येत नाही. दुसरं कारण असं की एव्हाना तुमच्या मोबाइलवर एक फोटो आला असेल. खाली लिहिलं असेल, ‘हिंगणीत नंदी नतमस्तक, अकरा जणांना पाठवा.’ कृपया कोणालाही पाठवू नका. तो लाकडी नंदी तुमचाच आहे.

काय झालं ते पहिल्यापासून सांगतो, म्हणजे माझा दोष किती आणि परिस्थितीचा किती हे तुम्हालाच वाटून देता येईल. आमच्याकडे ती दोन चाकांची उभी लोखंडी ढकलगाडी आहे ना, बाजारातले हमाल पोती ठेवून तिरकी करून नेतात तशी? आमची गल्ली इतकी अरुंद की मालाची पिकअप रस्त्यावरच थांबते, आणि वांग्याचे क्रेट घरापासून तिथवर या ढकलगाडीवर जातात. तिच्या चाकांचं रबर उन्हानं तडकून भाकरीसारखं तुटून पडायला लागलं. शालू म्हणाली, “अजी, वेल्डिंगवाल्याकडे देऊन या. तो बसवून देते.” आता सांगा, ज्या माणसानं स्वतःच्या हातानं मोटरपंप दोनदा उघडला (आणि एकदा बंदही केला), त्यानं दोन चाकांसाठी दुसऱ्याच्या दारी जायचं? मी म्हटलं, घरीच बदलतो. शालूनं त्यावर शेल्फावरची काचेची भांडी आत नेऊन ठेवली.

आसाच्या टोकाला एक पिन असते, ती काढली की चाक निघतं. ही पिन गंजून अशी बसली होती की राकेल पाजलं, मीठ चोळलं, शेवटी तिच्याशी गोड बोललो, तरी हलेना. हातोडी दिसेना म्हणून वरवंटा घेतला. पिन निघाली, वरवंट्याचा एक टवका निघाला, आणि माझ्या डाव्या अंगठ्याचं नखही निघालं. या अंगठ्याला पुढे फार महत्त्व आहे, म्हणून लक्षात असू द्या.

शालूचा भाऊ अंकुश वर्ध्याला चालला होता, त्याला चाकं आणायला सांगितली. माप आमच्या घरच्या रीतीनं दिलं: चाक दीड वीत, भोक अंगठ्याएवढं. अंकुशनं दुकानात तसंच सांगितलं आणि स्वतःचा अंगठा पुढे केला. तुम्ही लग्नात त्याला पाहिलं आहे. कुस्त्या खेळलेला गडी, त्याचा अंगठा म्हणजे मध्यम आकाराचा बटाटा. चाकं आली, आसावर चढली, आणि गळ्यात हार फिरावा तशी गरागरा फिरायला लागली. मी जुन्या ट्यूबच्या पट्ट्या आणि नारळाचा काथ्या आत ठासून भरला. गाडी चालली, पण एक चाक वर्ध्याकडे आणि दुसरं नागपूरकडे. गल्लीच्या वळणावर दोन क्रेट वांगी शेजारच्या आनंदाबाईंच्या अंगणात गेली, आणि त्यांच्या शेळीनं ती तिथल्या तिथे तपासून घेतली.

दुसऱ्या वेळी मी स्वतः गेलो. भोकाचं माप उजव्या अंगठ्यानं दिलं, ते अगदी चोख आलं. पण नंतर उजव्या हातात पिशवी होती, म्हणून वीत डाव्या हातानं दाखवली. डाव्या अंगठ्याला फडकं गुंडाळलेलं, तो ताणेना, त्यामुळे वीत चार बोटं कमी भरली. चाकं इतकी बुटकी निघाली की गाडीचा पुढचा पत्रा जमिनीला घासायला लागला. घरापासून रस्त्यापर्यंत नांगरासारखं एक सरळ तास पडलं. (इवाईबुवा, माझ्या शेतात मी इतकं सरळ तास कधी काढलं नाही.) पुढच्या क्रेटच्या खेपेला आनंदाबाई कमरेवर हात ठेवून आडव्या आल्या. त्या तासात त्यांनी सांभाराचे धने पेरले होते.

बाजार दुसऱ्या दिवशी होता आणि तोडलेली वांगी अंगणात होती. मी कपाळाला हात लावून ओसरीत बसलो आणि माझी नजर नंदीकडे गेली. खरं सांगायचं तर त्याच्या पायांकडे गेली. तुमच्या आजोबांनी सागवानाचा घडवलेला, नुसत्या पाठीलाच माझ्या छातीइतका उंच, घराचं काम होईपर्यंत मोठ्या विश्वासानं तुम्ही माझ्या ओसरीत उभा केलेला तो नंदी. तान्ह्या पोळ्याला तुमच्या वस्तीत सगळ्यात पुढे तो निघतो, मागाहून लेकरांचे लाकडी बैल. त्या दिवशी तो चार चाकांवर पुलगावात हजर नसला तर मुलीच्या सासरी मला जन्मभर मान वर करता येणार नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. पण दोन वर्षांखाली तुम्ही त्याला जी रबराची चाकं बसवली, ती मी वीत लावून पाहिली. दीड वीत. भोक अंगठ्याएवढं. माझ्या, अंकुशच्या नव्हे. आता मला सांगा, माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? (लिहून कळवू नका.)

फक्त एका बाजारापुरती मी पुढची दोन चाकं काढली. नंदी पुढे कलू नये म्हणून त्याच्या पाटाखाली विटा ठेवणार होतो, पण विटांनी रंग खरवडेल, म्हणून भुशाचं, आपल्या कुटाराचं, गच्च भरलेलं पोतं सारलं. तुमच्या नंदीची काळजी मी किती घेतली हे यावरून दिसेल. ढकलगाडी मग काय चालली म्हणून सांगू! सांभाराच्या कडेनं, आवाज न करता, एका हातानं. मी गुणगुणत बाजाराला गेलो.

आता कुटार म्हणजे शेवटी कुटार. नंदीचं वजन त्याच्यावर पडलं तसं ते हळूहळू दबत गेलं. नेमक्या त्याच वेळी आनंदाबाई विरजण मागायला दारात आल्या. नंदीचं तोंड दाराकडे. त्यांच्या डोळ्यांदेखत तुमच्या नंदीनं सावकाश, अगदी अदबीनं मान खाली घातली. बाईंच्या हातातली वाटी पडली. “अवं शालू! नंदी वाकला वं! मले नमस्कार करून राह्यला!” शालू आतून येईपर्यंत त्यांनी पदर पसरून बैठकच मारली होती. मी बाजारातून आलो तर दारात चाळीस चपला, नारळाच्या शेंड्यांचा ढीग, आणि माझ्याच घरात शिरताना एकानं मला लायनीत मागे उभं राहायला सांगितलं.

आमच्या गावात कोणतीही गोष्ट घडली आहे की नाही, हे अण्णाजी ठरवतात. ते नंदीजवळ खुर्ची टाकून बसले होते. मी सर्वांसमक्ष हात जोडून कबूल केलं की अण्णाजी, चमत्कार काही नाही, चाकं मीच काढली, खाली कुटाराचं पोतं आहे. अण्णाजींनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. “चाकं तू काढली, बराबर. पण काढाची बुद्धी तुले कोनं देल्ली?” मी म्हटलं, “अंकुशच्या अंगठ्यानं.” हे उत्तर कोणालाच पटलं नाही. उलट माझ्यासारख्या माणसाकडूनही नंदीनं काम करून घेतलं, म्हणून त्याचा मान आणखी वाढला.

अडचण अशी की मान खाली गेल्यामुळे नंदीचा कान नेमका माणसाच्या तोंडाशी आला. पूर्वी त्याच्या कानात काही सांगायचं तर पायाच्या चवड्यांवर उभं राहावं लागे, आता स्टुलावर बसून निवांत सांगता येतं. लोक लांबलचक सांगतात. एक जण येऊन सांगून गेला की रानडुकरं माझ्या शेतातून काढून बांधाच्या पलीकडे पाठव. दुसऱ्या दिवशी पलीकडचा आला आणि ती परत पाठवायला सांगून गेला. डुकरांचे किती हाल होत असतील! आनंदाबाई दिवसातून तीनदा येतात, मागत काही नाहीत, फक्त नमस्कार स्वीकारायला समोर उभ्या राहतात.

मी म्हटलं, निदान चाकं परत बसवून टाकू. तर अण्णाजींनी निकाल दिला की आपणहून वाकलेल्या नंदीला परक्यानं उचलायचं नाही, ज्याच्या घरचा तो आहे त्यानंच येऊन उठवायचं. आणि ढकलगाडी? तिला आता नंदीचे पाय लागलेले. तिच्या चाकांना हळदकुंकू वाहिलं, दांड्याला हार घातला. मी एक क्रेट ठेवायला गेलो तर दहा माणसं अंगावर आली, “नंदीच्या पायावर वांगे लादतं का बे?” तेव्हा आज माझ्या घरात चार नवी चाकं आहेत, एक देवस्थान झालेली ढकलगाडी आहे, एक वाकलेला नंदी आहे, आणि वांगी मी डोक्यावर नेतो. मानेचं जे झालं म्हणालो ते हेच.

म्हणून हात जोडून विनंती की गुरुवारी गाडी आणि ड्रायव्हर पाठवू नका, गावकरी त्याला नंदीला हात लावू देणार नाहीत. त्याआधी या रविवारी तुम्ही स्वतः या, नंदीच्या पाठीवर हात ठेवा, म्हणजे सगळे बाजूला होतील आणि तो वेळेवर पुलगावला पोचेल. पत्र आमच्या गावातल्या लहानूच्या हाती देत आहे. त्याला चहा पाजा, पण काही विचारू नका, तो लायनीत दोनदा उभा राहिलेला आहे.

कळावे, लोभ आहेच, तो हे वाचूनही थोडा उरावा.

आपला इवाई,
ताराचंद

ता. क. लोकांचे हात लागून नंदीच्या हनुवटीचा रंग थोडा गेला आहे. थोडा म्हणजे हनुवटीपुरता पूर्ण.

ता. क. दुसरा. वर लिहिणार नव्हतो, पण कागद उरला आहे. काल दुपारी गर्दी नव्हती तेव्हा मी तेलाची कुपी घेऊन नंदीच्या मागे, मागच्या चाकांपाशी बसलो होतो. शालू आली. मी तिला दिसलो नाही. इतके दिवस या प्रकाराला ती हसत होती, माझ्याच बुद्धीचा चमत्कार म्हणत होती. ती स्टुलावर बसली आणि कानाशी तोंड नेऊन म्हणाली, “तू त्यायच्या घरचा हाय, तुयं ते ऐकतीन. आचलले चार दिवस राह्याले पाठवा म्हणा. सकाळी येते, संध्याकाळी जाते, पोरीचं तोंड पाहाले भेटत नाई.” ती उठून जाईपर्यंत मी मागे खोकलो नाही. इवाईबुवा, मला फार वाईट वाटलं. निरोप योग्य ठिकाणी दिला होता, पण नंदीला पुढची चाकं नाहीत, तो पुलगावला कसा येणार? म्हणून मी लिहिलं.

ता. क. तिसरा. अण्णाजींचा निकाल वगैरे मनावर घेऊ नका. ते दुपारी दोन तास झोपतात, आनंदाबाई शेतात असतात, आणि चाकं बसवायला मला अर्धा तास पुरे. पण माझा पाना हरवला आहे. आचलला घेऊन या आणि चार दिवस ठेवून जा. चौथ्या दिवशी संध्याकाळी तो सापडेल.