कलाकारांच्या शेजारी

९ फेब्रुवारी
रंगकाम संपलं. वर फ्लॅट, खाली काचेच्या दारांचे गाळे – चित्रकार, कुंभार, विणकर यांनी बसायचं म्हणे. गेटवर पाटी: ‘कलाकारांच्या शेजारी राहा.’ कलाकार एकही फिरकला नाही!

मुकादम म्हणाला, “तुला काय करायचंय? भिंती झाल्या, गाशा गुंडाळ.”

का गुंडाळू? मला पक्की नोकरी हवीय, एक खोली हवीय, आणि बायकोला इथं आणायचंय. लग्न होऊन वर्ष झालं, घरी जातो तो पाहुण्यासारखा. फोनवर म्हणते, “जगाची घरं रंगवता. आपलं कधी?”

१२ फेब्रुवारी
फ्लॅट विकणाऱ्या मॅडमनी बोलावलं. रविवारी गिऱ्हाइकं येणार, गाळे ओस दिसायला नकोत. मला अ‍ॅप्रन घातला नि चार नंबरच्या गाळ्यात चित्रकार म्हणून उभं केलं. “बोलायचं नाही. ब्रश धरायचा, लांब कुठंतरी बघायचं.”

एवढंच? हे तर मुकादमाची पाठ फिरली की मी रोज करतो!

१५ फेब्रुवारी
सवयीनं कॅनव्हासला आधी पांढऱ्या रंगाचा एक हात मारला. तो वाळेपर्यंत करणार काय? उभा राहिलो. गिऱ्हाइकं काचेला नाक लावून. एक काका बायकोला हळूच म्हणाले, “त्याची तंद्री लागलीय. बोलू नकोस.”

दुसरा हात कधी मारावा, याची तंद्री होती ती.

फ्लॅट धडाधड बुक झाले!

१८ फेब्रुवारी
नोकरी पक्की! चार नंबरच्या मागची खोली माझी! बायकोला आणतो म्हणालो, तर मॅडमचा चेहरा उतरला. “अरे, चित्रकार एकटाच शोभतो. मागं बायको भांडी घासताना दिसली तर कसं वाटेल?”

खोली हवी होती बायकोसाठी. मिळाली एकटं राहण्यासाठी. घ्या!

१९ फेब्रुवारी
बायकोला फोनवर सांगितलं. म्हणते, “अहो चित्रकार, शेजारचा गाळा रिकामाच ना? सोंगच आणायचं तर दोघं आणू की!”

काय डोकं आहे!

२ मार्च
आली!! मॅडमनी तिला पाच नंबरात कुंभारीण म्हणून मातीकामाच्या टेबलाशी बसवलं. मागची खोली तिला वेगळी. मधे भिंत – मीच रंगवलेली. अट एकच, लोकांसमोर ओळख दाखवायची नाही. लोक गेले की आम्ही एका ताटात जेवतो. मग काय हवं!

८ मार्च
एका बाईंनी तिला विचारलं, “लग्न झालंय?” ती काचेतून माझ्याकडं बघत म्हणाली, “छे! वेळ कुठाय?”

फारच सफाईनं म्हणाली.

जेवताना टोकलं तर हसली. “सोंग आहे हो ते!” नखांत माती तशीच. दोनदा हात धुतले म्हणे.

१७ मार्च
तिनं मातीची पाखरं केलीत. एक तर मान वळवून बघतंय असं! “कुणी शिकवलं?” “कुणी नाही. हात चालत गेले.”

माझा कॅनव्हास पांढराच. चार हात झाले, भिंत मात्र झकास होईल त्याची.

२२ मार्च
लोक कधीच गेले. ताट वाढलं, पाच नंबरचं दार वाजवलं. आतून कडी.

“अहो, तुम्ही जेवून घ्या. माझं काम चाललंय.”