खिरीची बादली

उदगीर, २० एप्रिल १९८७

"शिवम्माच्या हाताला गुण हाय, लेकरू लगीच निजतं." माय म्हणायची. आज दिवसभर हेच डोक्यात. तेव्हा मी नऊ वर्षांची. माय लोकांच्या शेतावर, तान्हा गुरुलिंग माझ्या मांडीवर.

आज तोच भाऊ लातूरहून परतला – एकवीस दिवस दवाखान्यात राहून. पोती उचलून कंबर गेली, डॉक्टरनं दुखणं थांबवायची सुई दिली; पुढं तो नशेसाठी स्वतःच टोचून घ्यायला लागला. दंडावर अजून काळे डाग आहेत. पण हात थरथरत नाहीत! दारातच म्हणाला, "अक्का, बसवजयंतीच्या पंगतीत खीर वाढली, की मी सुटलो बघ."

पंधरा वर्षं मठातली खिरीची बादली त्याच्याच हातात असते.

२२ एप्रिल

बादली काढून घेतली!

मठात आम्ही राखेनं भांडी घासत होतो. कारभारी ईश्वरप्पाअण्णा सगळ्यांदेखत म्हणाले, "सुया टोचलेल्या हातचं कोन खाईल? नव्या जिल्ह्याच्या दवाखान्यानं बरा म्हनून सोडला असंल, पंगत आमची हाय." मागून कुणीतरी, "वाढता वाढता खिरीतच निजायचा की!"

सगळे हसले. गुरुलिंगानं बादली खाली ठेवली. आवाजसुद्धा होऊ दिला नाही.

२३ एप्रिल

जेवला नाही. दार लावून बसलाय. पुन्हा सुई आणली तर?

२५ एप्रिल

टँकरच्या रांगेत म्हातारी साखराबाई भेटली, आमची जुनी शेजारीण. तिच्याजवळ रडले – किती गुणी लेकरू होतं, गुटी चाटवली की गप झोपायचं.

"कसली गुटी गं येडे? अफू व्हती ती! मीच देत व्हते तुझ्या मायला. शेतावर जानाऱ्या समद्या बाया चाटवायच्या. तुमचा ईश्वरप्पा बी माझ्याच गोळीवर वाढला की!"

हंडा हातातून सुटला. बायका ओरडल्या – पाणी, पाणी! मला काही ऐकूच येईना. मायच्या कमरेच्या पिशवीतली ती काळी गोळी. दुधात उगाळून बोटानं मीच चाटवायचे. मीच!

मायला ठाऊक होतं. पण माय तर गेली; आता विचारू कुणाला?

२६ एप्रिल

तेव्हाच्या गोळीचा आजच्या सुईशी संबंध आहे का? डॉक्टर नाही म्हणतील. नसेलही. पण हात माझेच होते – आणि दर वर्षी मठातली खीर हलवायला हेच हात चालतात!

गुरुलिंगाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तरीच! तुझ्या मांडीवर लई झोप यायची." हसला. चार दिवसांनी हसला. मला मात्र हसता येईना.

२८ एप्रिल

उद्या मठात जाते. सगळ्यांपुढं माझे हात धरून सांगणार, यांनी काय चाटवलं ते. अण्णाही त्याच गोळीवर वाढले, हे सांगणार नाही. फक्त मागणार – अण्णा, बादलीची कडी एकीकडून तो धरेल, एकीकडून मी. पहिली वाढ तुमच्या ताटात पडू द्या.

नाहीच म्हणतील.