तिकिटाचा शेवटचा आकडा

अण्णा,

डोंबिवलीच्या मैत्रिणीच्या भावाने अमेरिकेहून वीस बाजूंचा खराखुरा फासा पाठवलाय. हिरवा, बोराएवढा. टेबलावर सोडला की बराच वेळ गडगडतो आणि मग एक आकडा वर करून गप्प बसतो. शाळेतल्या माझ्या मुलींनी तो हातोहात फिरवला, एकीने तर चावूनही पाहिला. इतकी वर्षं असल्या फाशाची वाट पाहिली आणि आता तो आलाय तर मला काही तो आवडलेला नाही. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पडतो तो. आजवर मी मुलींना आपला गोष्टीचा खेळ आकड्यांच्या चिठ्ठ्या काढून खेळवत आलेय, आणि चिठ्ठी माझ्या मुठीत असते. परवा नववीतल्या एकीने विचारलं, "बाई, तुम्ही आकडा कधी खोटा सांगितलात?" मी म्हटलं, "शी, कधीच नाही." म्हणून तुम्हाला लिहायला बसलेय.

आगाराच्या साहेबांपुढे हा खेळ मला धड समजावता आला नव्हता, तर आता एकदा नीट सांगते. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. त्याच मैत्रिणीचा मामा बोटीवर कामाला होता, त्याने परदेशातून एका खेळाचा खोका आणला. त्यातले फासे मामाच्या मुलांनी आधीच हरवले होते, आमच्या वाट्याला नुसतं पुस्तक आलं. डिक्शनरी मांडीवर घेऊन मी ते महिनाभर वाचलं. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकजण गोष्ट सांगतो: तुम्ही गुहेच्या तोंडाशी उभे आहात, आतून गुरगुर ऐकू येतेय. बाकीचे एकेक पात्र होतात आणि आपण काय करतो ते सांगतात. ते जमलं की फसलं हे फासा ठरवतो. आपल्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, मला वाटलं, जग सुधारायचं साधनच हाती आलं. कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही, सगळ्यांनी मिळून निभवायचं! माझ्या पहिल्या खेळात गुहेतल्या राक्षसाचं मतपरिवर्तन व्हायचं होतं. त्याच्यासाठी दोन पानी भाषण मी लिहून नेलं होतं. मैत्रिणीने अर्ध्या पानातच त्याला कुऱ्हाड घातली. "अगं, त्याला बोलू तरी दे," मी ओरडले. "बोलून झालंय त्याचं," ती म्हणाली.

आता फाशाचं काय करायचं? कॉलेजातून येताना मी खोपटच्या एस.टी. आगारासमोरून चालत यायचे, आणि उतारूंनी टाकलेली तिकिटं तिथे पायाखाली पसरलेली असायची. लहानपणापासून तुमच्या हातात तिकिटं पाहिलेली, पण एके दिवशी एकदम लक्षात आलं की प्रत्येक तिकिटावर नंबर असतो आणि नंबराचा शेवटचा आकडा शून्यापासून नवापर्यंत कुठलाही असू शकतो. म्हणजे दहा बाजूंचा फासाच. मी मूठभर तिकिटं उचलली, घरी येऊन उन्हात वाळवली. पिशवीतून न बघता एक तिकीट काढायचं, मोठा आकडा आला तर जमलं, लहान आला तर फसलं. अवघड काम असेल तर सात किंवा सातच्या वर हवा.

तो रविवार आठवतो का? तुमची सुट्टी. माजिवड्याच्या आपल्या खोलीत आई चुलीपाशी बोंबील भाजतेय, आम्ही चौघीजणी तिच्याच पायांत फतकल मारून बसलोय, आणि तुम्ही कॉटवर तोंडावर पेपर घेऊन झोपलेले आहात. म्हणजे आम्हाला तसं वाटतंय.

"किती जणी आहात?" पेपराखालून आवाज आला.

"चौघी. पण ही बुटका आहे," मी मैत्रिणीकडे बोट दाखवलं. खेळात ती दाढीवाला, कुऱ्हाडवाला बुटका होती.

"मग त्याला हाफ."

"अण्णा, गुहेत तिकीट नसतं."

"वय काय त्याचं?"

मैत्रिणीने वहीत पाहिलं. "एकशे वीस."

"मग फुल. उंचीवर हाफ मिळत नाही."

तुम्ही उठून बसलात. आमच्यापुढे त्या वेळी पुलावर चाळीस भुतं आडवी आली होती आणि आम्ही कशा मरणार एवढंच ठरायचं बाकी होतं. तुम्ही म्हणालात, "मारामारी कशाला? रांग लावा त्यांची. एकेकाला विचारा, कुठे जायचंय. निम्म्यांना आपण इथे का चढलो तेच माहीत नसतं." मी तिकीट काढलं, नऊ आला. निम्मी भुतं खरोखरच उतरून गेली. त्या दिवसापासून आमच्या टोळीत एक कंडक्टर आला. मी तलवार देऊ केली तर तुम्ही म्हणालात, "तलवार राहू दे. पंच दे आणि घंटीची दोरी दे."

मग तुमचं लक्ष माझ्या मुठीकडे गेलं आणि तुमचा चेहराच बदलला.

"ही कुठून आणलीस?"

"रस्त्यावरून. टाकून दिलेली आहेत, अण्णा."

"कंडक्टरच्या घरात वापरलेली तिकिटं म्हणजे काय, कळतं का तुला? लोक म्हणतील, हा जुनी गोळा करतो आणि तीच परत विकतो. बावीस वर्षांत माझ्या हिशेबाच्या वेबिलात एक खाडाखोड नाही. आजच्या आज टाकून दे, बाय."

मी हो म्हटलं, आणि टाकली नाहीत. आईला वाटलं, तुमच्या नजरेआड केली म्हणजे झालं. तिने तुमच्या जुन्या खाकी पँटीचा एक नाडीचा बटवा शिवला. कापड उरलं म्हणून तसाच दुसरा तुमच्या पान-तंबाखूसाठी शिवला. काय होणार हे आता कोणालाही कळेल, पण तेव्हा आम्हा दोघींना आपण फारच हुशार आहोत असं वाटत होतं.

पुढचं मला तुमच्या ड्रायव्हरकाकांनी सांगितलं. माजिवड्याच्या नाक्यावर चेकर गाडीत चढला. तिकिटं बरोबर, वेबिल बरोबर, पैसे बरोबर. चेकर खूश झाला, तुम्हीही खूश झालात, आणि पाहुणचार म्हणून म्हणालात, "घ्या साहेब, पान खा." त्याने हात पुढे केला. तुम्ही बटव्याची नाडी सोडून तो त्याच्या हातावर उपडा केलात. शंभरेक पंच मारलेली तिकिटं त्याच्या हातावर, बुटांवर आणि पुढच्या सीटवरच्या बाईंच्या भाजीच्या पिशवीत पडली.

"हे कसलं पान?" चेकरने विचारलं.

तुम्हाला खोटं बोलता येत नव्हतं. तुम्ही म्हणालात, "हे माझ्या मुलीचे फासे आहेत." त्याने रिपोर्टात तसंच लिहिलं: कंडक्टर म्हणतो, मुलीचे फासे.

साहेबांसमोर चौकशी होईपर्यंत तुम्हाला कामावरून उतरवलं. तुम्ही दुपारीच घरी आलात, खाकी शर्ट खुंटीला लावलात, आणि मला एवढंच म्हणालात, "टाकते म्हणाली होतीस." तुम्ही ओरडला असता तर बरं झालं असतं. आई दिवसभर चुलीपाशी बसून, "मेला तो बटवा, मेला तो बटवा," म्हणत राहिली. नोकरी गेली तर माझं कॉलेज गेलं हे मला कळत होतंच, पण तुमच्याकडे पाहताना वाटत होतं की तुम्ही नोकरीचा विचारही करत नाही आहात. चाळीत कोणी काही म्हणेल का, तेवढाच विचार चाललाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुस्तक पोटाशी धरून मी तुमच्यामागून साहेबांच्या खोलीत शिरले. टेबलावर तिकिटांचा ढीग होता. साहेब म्हणाले, "यातली बरीचशी मुरबाड, शहापूरकडची आहेत. ती कोणी तुमच्या गाडीवर विकणार नाही, तेवढं मलाही कळतं. पण चार तुमच्या मार्गाची आहेत. त्यांचं काय करू?"

मी घसा खाकरून सुरुवात केली, "साहेब, समाजात सहकार्याची भावना वाढावी म्हणून..."

"ते राहू दे. खेळून दाखव. फासे आहेत ना? मग खेळ. मीपण बसतो. मी काय व्हायचं?"

"काहीही व्हा, साहेब."

त्यांनी विचार केला. "राजा."

"आमच्या खेळात राजा नसतो, साहेब. सगळे समान असतात."

तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की मी लगेच साहेबांना सगळ्यात शूर गिर्यारोहक करून टाकलं. तुम्ही कंडक्टर. खुर्ची रिकामी होती, पण तुम्ही उभेच राहिलात, हात मागे बांधून. मी दरी सांगितली, दरीच्या मधोमध चमकणारा खडा सांगितला, आणि तिकडे जाऊ नका हेही सांगितलं. साहेबांनी ऐकलं नाही. घेतली उडी! तिकीट काढलं, शून्य आला. साहेब दरीत लोंबकळायला लागले, आणि त्यांच्या दोराचं दुसरं टोक तुमच्या हातात.

"आता?" साहेबांनी विचारलं. ते खुर्चीतून अर्धे उठले होते.

"आता कंडक्टरने तुम्हाला वर ओढायचं. सात किंवा वर हवा."

"ओढा की, मग!"

"ओढतोय, साहेब," तुम्ही म्हणालात, आणि खरोखरच दोन्ही मुठी छातीशी घट्ट आवळल्यात. मी ढिगात हात घातला, तिकीट काढलं, मुठीत उघडून पाहिलं.

"आठ," मी म्हणाले.

साहेब खुर्चीत बसले, रुमालाने मान पुसली आणि पाणी मागवलं. मग कागद ओढून त्यावर लिहिलं, ते मी उलटं वाचलं: मुलीचे फासेच आहेत, कंडक्टर उद्यापासून कामावर. "पण यापुढे चिठ्ठ्या वापर, पोरी," ते म्हणाले. तुम्ही टेबलावरची तिकिटं गोळा करू लागलात. मी नुकतंच ठेवलेलं तिकीट तुम्ही उचललंत, जरा डोळ्यांपासून लांब धरलंत आणि शांतपणे त्याचे चार तुकडे केलेत. साहेबांनी वर पाहिलं. "वापरलेलं तिकीट फाडलेलं बरं," तुम्ही म्हणालात. साहेबांनाही ते पटलं.

त्या रविवारी तुम्ही मला घेऊन ठाण्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलात. "हिचे डोळे तपासा. हिला आकडे नीट दिसत नाहीत," तुम्ही सांगितलंत. मी खुर्चीत बसले. डॉक्टर काठीने पाटीवरची अक्षरं दाखवत गेले आणि मी वाचत गेले. तुम्ही दाराशी टोपी हातात घेऊन उभे होता. वाचून झाल्यावर डॉक्टर हसले. "काका, घारीची नजर आहे."

"एकदम चांगली?" तुम्ही विचारलंत.

"एकदम."

"थोडीसुद्धा कमी नाही?"

"अहो, नाही म्हणतो ना!"

बाहेर तुम्ही मला उसाचा रस पाजलात. तुमचा अर्धाच प्यायलात, आणि म्हणालात, "चला. चष्मा नको." बस, तेवढंच. साहेबांना दरीतून वर ओढल्याची गोष्ट ड्रायव्हरकाकांनी आगारभर केली. ते सुरू झाले की तुम्ही उठून चहा सांगायला जायचात. खेळात मात्र येत राहिलात, भुतांच्या रांगा लावत राहिलात. माझ्या बी.ए.चे पेढेही तुम्ही साहेबांना स्वतः नेऊन दिलेत. आणि पुढच्या वर्षी तुम्ही गेलात, त्यामुळे हे बोलायचं राहिलं ते राहिलंच.

हे पत्र तुमच्या खाकी बटव्यात ठेवतेय. तंबाखूचा वास अजून आहे त्याला. उद्यापासून हिरवा फासा टेबलावर, सगळ्यांसमोर टाकायचा असं मुलींना सांगितलंय. तिकिटावर दोन होता, अण्णा. मला स्वच्छ दिसला होता. त्याचं मला आजही फारसं वाईट वाटत नाही. पण डॉक्टरांकडे तुम्ही दाराशी उभे होता आणि मी मात्र शाळेत पहिला नंबर काढल्यासारखी ती पाटी खालच्या ओळीपर्यंत खडाखडा वाचून दाखवली. तिथे दोन-चार अक्षरं मुद्दाम चुकवायला हवी होती, आणि ते मला सुचलं नाही.