एक खोलणारा, एक बोलणारी

रविवार, ९ जून

चि. ठमीस,

अनेक आशीर्वाद. इकडे ठीक आहे. खोकला जुनाच आहे, त्याची काळजी नको. नव्या नोकरीत जीव रमला का?

ईमेलचा प्रोग्रॅम सारखा बंद पडत होता, त्याचा चोर सापडला. तू फोनवर सांगितलंस तसंच केलं. मागाहून जोडलेली सगळी ॲड-ऑन आधी बंद केली, मग एकेक चालू करून प्रोग्रॅम पुन्हा उघडून पाहत गेलो. शिलाई मशीन जुळवताना मी वेगळं काय करतो? एक भाग बसवायचा, चाक फिरवून बघायचं, मग पुढचा. शब्द तपासणारं चाललं. तू घातलेलं, ऑर्डरी लावून ठेवणारं, तेही चाललं. मामीचं सही लावणारं मी शेवटी ठेवलं होतं. ते चालू केलं आणि प्रोग्रॅम मिटला.

म्हणजे नव्या आवृत्तीत तुझं आणि मामीचं एकत्र नांदत नाही. तुम्ही दोघी तर कधी भांडला नाहीत.

मग मी तुझं बंद केलं. रागावू नकोस. काही दिवस तसंच रेटलं आणि ऑर्डरींचा असा घोळ झाला की परगावच्या शिंपीणबाईंना मशीनच्या पट्ट्याऐवजी बॉबिन-केस गेली. बाई भल्या. त्यांनी लिहिलं, "दादा, तुम्ही राहू द्या. ताईंना विचारा, त्यांना माझं मशीन पाठ आहे."

ठमे, मामी गेल्याचं मी गिऱ्हाइकांना सांगितलेलंच नाही. मी काहीही लिहिलं तरी खाली तिची ओळ आपोआप जायची: "तुमचे दोघे, एक खोलणारा, एक बोलणारी. मशीनला तेल घाला. नवरे चहावर चालतात." लोक उत्तरात तिच्याशीच गप्पा मारायचे. ते वाचत असेपर्यंत ती आतल्या खोलीत आहे असं वाटायचं. मला तेवढंच हवं होतं.

तू म्हणशील, "मामा, तीच ओळ प्रोग्रॅमच्या साध्या सहीत चिकटव, दोन मिनिटांचं काम आहे." खरं आहे. चिकटवायला बसलोही होतो. पण तिने लावलेली जात होती तोवर ती ओळ तिची होती. मी लावली की मी गेलेल्या माणसाच्या नावाने सही करणारा ठरतो. तिला खोटं खपायचं नाही. हात पुढे जाईना. टेबलावर डोकं ठेवून रडलो. दुकान उघडंच होतं, पण कोणी आलं नाही.

आज सकाळी मामीचं बंद केलं, तुझं चालू केलं. प्रोग्रॅम मुकाट चालतो. पहिलं पत्र शिंपीणबाईंना लिहिलं: "पट्टा पाठवतो आहे. ताईंना विचारता येणार नाही. त्या गेल्या." खाली पाहिलं तर काहीच आलेलं नव्हतं. माझं नाव मलाच एकेक अक्षर शोधून टाइप करावं लागलं. इतक्या वर्षांत ती वेळ कधी आली नव्हती.

बाईंचं उत्तर लगेच आलं. "मशीनला तेल घातलं होतं हो. ताईंना कळवायचं राहिलं."

त्यापुढे मला आज काम सुचलेलं नाही. तुझ्यामुळे ऑर्डरी मात्र आता नीट लागतात. रजा मिळाली की येऊन जा. आतल्या खोलीत मी फारसा जात नाही, तू आलीस की जाऊ.

आजवर तुला गेलेल्या प्रत्येक पत्राखाली "मामा-मामी" असायचं. तेही तीच लिहायची. आज मी लिहितो आहे, म्हणून आहे तेवढंच लिहितो.

तुझा,
मामा